फडाची वर्गणी, उसाची कपात आणि महाविद्यालयाचा जिमखाना

बारामती-इंदापूरच्या निमित्ताने एक धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

साखर हंगामात बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या कोणत्याही रस्त्यावर उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागून एक जाताना दिसतात. कारखान्याच्या काट्यावर त्यांचे वजन होते आणि त्या वजनावरून ऊसबिल निघते. बिलात भावाचा एक रकाना असतो आणि त्याच्या सोबतीला कपातींचे रकाने असतात. या भागातील शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि त्यांच्या आवारातली मैदाने यांचा आर्थिक इतिहास लिहायचा झाल्यास सुरुवात त्या रकान्यांपासून करावी लागेल.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांसाठी पैसा उभा करणे हा एक रीतसर पेशा आहे. माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मिळवणे, तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न वाढवणे, प्रायोजक जोडणे ही कामे करण्यासाठी विद्यापीठे पूर्णवेळ माणसे नेमतात, आणि त्यांची बढती किंवा गच्छंती वर्षाअखेरच्या आकड्यावर ठरते. आपल्याकडे हे काम झालेच नाही, असे नाही. ते झाले, पुष्कळ झाले, पण त्याचे पद कधी निर्माण झाले नाही. ते एखाद्या प्राचार्याने केले, एखाद्या उद्योगपतीने केले, आणि पुढे साखर कारखान्याच्या अध्यक्षाने केले. पैसा पदाशी न बांधला जाता माणसाशी बांधला गेला. याचे परिणाम काय झाले, हे या धाग्यात पाहायचे आहे.

अमेरिकेचा धडा आधी थोडक्यात. तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांच्यातली १८५२ची नौकाशर्यत. ती भरवण्याचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला, कारण शर्यत पाहायला येणारे लोक तिच्या गाडीने येणार होते. म्हणजे प्रायोजक आणि महाविद्यालयीन खेळ यांचा जन्म तेथे एकाच दिवशी झाला. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९३४ साली, मंदीच्या ऐन भरात, दक्षिण कॅरोलिनातील क्लेमसन महाविद्यालयाच्या चाहत्यांनी वर्षाला दहा डॉलर देणाऱ्यांची संघटना काढली. तिचे नावच 'मी वर्षाला दहा देतो' या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचे आहे. संघटना आजही चालू आहे. तिचे संस्थापक गेले, पदाधिकारी बदलले, वर्गणी मात्र खंडली नाही.

आता इकडे येऊ. वर्गणी ही कल्पना आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नव्हती.

नीरा आणि भीमा यांच्या खोऱ्यांत, किंबहुना साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात, ग्रामदैवताच्या जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो. फडाचे अर्थशास्त्र पाहण्यासारखे असते. यात्रा कमिटी घरटी वर्गणी गोळा करते. सकाळी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. ऊन कलू लागले की इनामाचा आकडा चढत जातो आणि शेवटी एक नंबरची कुस्ती सुटते. प्रत्येक मोठ्या इनामामागे कोणाचे तरी नाव असते आणि ते ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. एखादी कुस्ती रंगली तर हलगीच्या तालावर प्रेक्षकांतून जागच्या जागी बक्षिसाची भर पडते. देणारा फडाच्या कडेला बसलेला असतो, घेणारा मातीत उभा असतो, आणि हिशेब यात्रा संपल्यावर गावासमोर मांडला जातो. निधीसंकलनाची याहून पारदर्शक रीत मला तरी ठाऊक नाही. तिची मर्यादाही उघड आहे. फड वर्षातून एकदा लागतो, पैलवानाला खुराक मात्र रोज लागतो.

शहरी, सुशिक्षित वर्गाने या कामाला संस्थेचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यात केला. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. त्याच्या क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने सर दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे पाहिले, आणि त्यांतून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठवण्याची कल्पना पुढे आली. खर्चासाठी लोकांना आवाहन झाले, सरकारकडून काही मिळाले, आणि उरलेली बाजू दोराबजींनी स्वतःच्या खिशातून सावरली. त्या तुकडीत मॅरेथॉन धावणारे बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि कोल्हापूरचे पैलवान रणधीर शिंदे होते. शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. जिमखाना होता, समिती होती, आवाहनही होते. तरीही जहाज हलले ते एका माणसाच्या तिजोरीमुळे.

विद्यापीठीय खेळांतही हेच दिसते. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५पासून चालू आहे, आणि तो एका पारशी पित्याने आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेला आहे. करंडक एकदा देता येतो. संघाचा प्रवास, बूट, दूध यांसाठी दरवर्षी कोणाकडे तरी जावे लागते.

या 'कोणाकडे तरी' जाण्याची सर्वांत मोठी मराठी कथा १९५२ची आहे.

खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली, तोवर संस्थान विलीन झाले होते. राजाश्रय गेला होता आणि त्याच्या जागी येणारा शासनाश्रय अजून आला नव्हता. माझ्या मते या कथेचे मर्म या मधल्या काळात आहे. मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे, मोरारजी देसाई यांच्याकडे, मदत मागितली गेली आणि स्पर्धा झाल्यावर पाहू अशा आशयाचे उत्तर मिळाले, असे सांगितले जाते. खाशाबा आणि त्यांचे हितचिंतक गावोगाव फिरले. कराडच्या दुकानदारांनी जमेल ते दिले. तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा ज्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावे, याचे कौतुक आपण सत्तर वर्षे करत आलो आहोत. ते योग्यच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातली दुसरी बाजूही दिसते. त्या महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात, विद्यापीठाच्या तिजोरीत किंवा राज्याच्या खात्यात या खर्चाला जागा असती, तर घराचा कागद बाहेर निघालाच नसता.

हेलसिंकीत काय झाले ते सर्वश्रुत आहे. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्यातला एक तपशील आपल्या विषयाचा आहे. एक दमवणारी लढत संपल्यावर त्यांना लगेचच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावण्यात आले. नियमाने मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती मागण्यासाठी त्या वेळी आखाड्याजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता, असे वर्णन वारंवार येते. वर्गणी आणि गहाणखत मिळून मल्ल हेलसिंकीला पोहोचला, त्याच्या बाजूने बोलणारा माणूस पोहोचला नाही.

परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले, असे त्या भागात आजही सांगतात. म्हणजे ऑलिंपिक पदकाचे कर्ज अखेर फडानेच फेडले.

खाशाबा हेलसिंकीहून परतले त्याच सुमारास नीरा डाव्या कालव्याच्या काठी एक वेगळे यंत्र आकार घेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या या कालव्याने बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात ऊस आणला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ खाजगी साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसवले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या पावलावर पाऊल ठेवून १९५०च्या दशकात माळेगावला आणि भवानीनगरला सहकारी कारखाने उभे राहिले, पुढे सोमेश्वरनगरला आणि नंतर इंदापूरच्या पूर्वभागात बिजवडीला.

सहकाराने आणलेली खरी नवी गोष्ट म्हणजे वसुलीची जागा. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने 'मुष्टिफंड' काढला तेव्हा घरोघरची बाई रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला ठेवत असे आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी कोणीतरी गोळा करत असे. दारोदार जाणे हे त्या पद्धतीचे बळ होते आणि तिची दमछाकही होती. कारखान्याच्या काट्याने ती दमछाक संपवली. शेतकऱ्याच्या दारी जावे लागेना, शेतकरीच वजनकाट्यावर येऊ लागला.

आकडेमोड सोपी आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात दहा लाख टन ऊस गाळला आणि टनामागे एक रुपया कापला, तर दहा लाख रुपये जमतात, आणि तेही पावतीपुस्तक न छापता. ऊसबिलांत परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, भागविकास निधी, शिक्षणनिधी अशी नावे राज्यभर रुळली. 'बिनपरतीची ठेव' या शब्दप्रयोगाकडे जरा थांबून पाहावे. जी परत मिळणार नाही तिला ठेव म्हणायचे, हे मराठी हिशेबभाषेचे एक अजब लेणे आहे. याशिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ६९ने संस्थेला निव्वळ नफ्यातून वीस टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामांसाठी बाजूला काढण्याची मुभा दिली.

ही देणगी स्वेच्छेची होती का? कागदोपत्री होती. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव होई आणि तो हात वर करून मंजूर होई. पण ज्याचा ऊस वेळेवर तुटण्यासाठी तोडणीची पाळी कारखान्याच्या हाती आहे, त्या सभासदाने त्या सभेत उठून 'माझा रुपया कापू नका' म्हणावे, ही अपेक्षा कितपत वास्तव होती? १९८०नंतर शेतकरी संघटनेने ऊसदराचे राजकारण उभे केले, तेव्हा अशा कपातींवरही बोट ठेवले गेले. दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की, त्या रुपयांवर ज्यांची मुले घरातली पहिली पदवीधर झाली त्यांना तो रुपया महाग वाटला नसावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यांपैकी एकच निवडायची नाही.

बारामतीचा सगळा शैक्षणिक इतिहास उसाचा आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. १९६२ साली उभे राहिलेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे आहे. त्याच्या मागे उसापेक्षा पेठ आहे, व्यापारी दातृत्वाची जुनी जैन परंपरा आहे. १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. माळेगाव आणि सोमेश्वरनगर येथे कारखान्याच्या परिसरात शिक्षणसंस्था वाढल्या. इंदापुरात शंकरराव पाटील यांचे नाव कारखाना आणि शिक्षण या दोन्ही क्षेत्रांशी जोडले गेले, आणि बिजवडीचा कारखाना आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून साखरेचे राजकारण उलगडून दाखवले. कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि विधानसभा यांची साखळी समजून घ्यायची तर त्यांचे १९८०चे पुस्तक अजूनही उपयोगी पडते. त्या साखळीत एक कडी मी जोडू इच्छितो: क्रीडासंघटना.

या पैशातून खेळाला काय मिळाले? इमारतींच्या मानाने थोडे. कारण उघड आहे. इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते, वसतिगृहाला देता येते, मैदानाच्या कमानीवरही लिहिता येते. कबड्डीच्या मुलींच्या वर्षभराच्या केळी-अंड्यांवर लिहिता येत नाही. अपवाद आहेत, आणि त्यांत कागलचा छत्रपती शाहू कारखाना ठळक आहे. तेथे विक्रमसिंह घाटगे यांच्या पुढाकाराने कुस्ती स्पर्धेतून मल्ल निवडून त्यांना मानधन देण्याची पद्धत पडली. जत्रेच्या इनामाचे नियमित मानधनात रूपांतर करणारी ही कल्पना इतकी साधी होती, की ती सगळीकडे का पसरली नाही याचे आश्चर्य वाटते.

खेळासाठी पैसा आणि आश्रय मिळवण्याचे मोठे काम या पट्ट्यातून झाले ते एका माणसाच्या कारकिर्दीतून. शरद पवार यांचे खेळाशी नाते घरातूनही आहे. त्यांचे सासरे सदू शिंदे कसोटीपटू होते. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात सहा बळी घेतले आणि चार वर्षांनी ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले. पवारांनी मात्र सुरुवात क्रिकेटपासून केली नाही. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांच्या राज्य संघटनांचे नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले तेव्हा ते मुख्यमंत्री होते. २००१ साली अजित वाडेकर यांचा पराभव करून ते मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, २००४ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची निवडणूक हरले, आणि २००५ साली जिंकले.

येथे कथेला एक अनपेक्षित वळण मिळते. त्यांच्या अध्यक्षपदाच्या तीन वर्षांत क्रिकेटचा पैसा माणसापासून सुटून कराराशी बांधला गेला. २००६ साली देशांतर्गत सामन्यांचे चार वर्षांचे प्रक्षेपणहक्क निंबस कंपनीने ६१ कोटी डॉलरहून अधिक रकमेला घेतले. संघाच्या कपड्यांचा हक्क, प्रायोजकाचा हक्क यांच्या निविदा निघाल्या. २००८च्या जानेवारीत आयपीएलचे दहा वर्षांचे हक्क एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले आणि आठ संघांचा लिलाव झाला. योजनेचे कर्ते ललित मोदी होते, पण तिला मान्यता देणारे मंडळ पवारांच्या अध्यक्षतेखालचे होते. २०२२ साली पुढील पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. अमेरिकेत महाविद्यालयांनी जे केले ते भारतात एका मंडळाने केले: खेळ विकण्याचे शास्त्र आणि ते जाणणारी पगारी माणसे. कबड्डीला तशी बाजारपेठ मिळायला २०१४ची प्रो कबड्डी लीग यावी लागली. कुस्ती आणि खो-खो त्या वाटेवर बरेच मागे राहिले. ज्या संघटनांत पैसा अध्यक्षाच्या शब्दावर येत होता, तेथे तो तसाच येत राहिला.

आणि अध्यक्ष कायमचे नसतात. लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्वीकारल्यावर सत्तरी ओलांडलेल्यांना क्रिकेट संघटनांत पदे धारण करता येईनात, आणि पवारांनी मुंबईचे अध्यक्षपद सोडले. २०२२ साली राष्ट्रीय महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदच बरखास्त केली आणि राज्यातली कुस्ती दोन गटांच्या वादात सापडली. कराराने मिळालेला क्रिकेटचा पैसा अध्यक्ष बदलल्याने थांबला नाही. परिषदेच्या वादात मात्र मल्लांचा मोसम टांगणीला लागला.

बारामतीत २०२०च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला. तालुक्याच्या गावी रणजी सामना होणे ही लहान गोष्ट नाही. त्याच गावातल्या महाविद्यालयीन संघाचे चित्र वेगळे आहे. तो पुणे जिल्हा ग्रामीण विभागाच्या स्पर्धा खेळतो, तेथून निवड झालेले खेळाडू आंतरविभागीय आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धांना जातात, भाग्य असेल तर 'अश्वमेध'ला. या साऱ्या प्रवासाचा पाया म्हणजे प्रवेशाच्या पावतीवरचे जिमखाना शुल्क. जो मुलगा मैदानाकडे कधी फिरकला नाही तोही ते भरतो, आणि जो रोज पहाटे धावतो तोही तेवढेच भरतो. शारीरिक शिक्षण संचालकाचे काम म्हणजे प्रवेशिका भरणे, तीन दरपत्रके मागवून साहित्य खरेदी करणे, संघ एसटीने नेणे आणि भत्त्याची बिले लावणे. पैसा उभा करणे त्याच्या कामाच्या यादीत नाही. तरी चषक हवा असला की तो ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जातो, गणवेश हवे असले की जुन्या खेळाडूला फोन लावतो. त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला, की त्याच्यासोबत ते फोन नंबरही जातात.

या दोन तालुक्यांत आणखी एक बदल घडतो आहे. सहकारी कारखान्यांच्या शेजारी खाजगी कारखाने आले. इंदापूर तालुक्यातील शेटफळगढे येथील बारामती अ‍ॅग्रो हे त्याचे उदाहरण. खाजगी कंपनीला कलम ६९ लागू नाही. तिच्यासाठी २०१३चा कंपनी कायदा आहे, ज्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण हे सामाजिक उत्तरदायित्वाचे मान्य काम म्हणून नोंदलेले आहे. सहकारी कारखान्यात कपातीचा ठराव निदान ऊस घालणाऱ्या सभासदांच्या सभेपुढे येत असे. कंपनीत हा निर्णय संचालक मंडळ घेते. टनाचा काटा तोच आहे, देणारा मात्र बदलला आहे.

शेवटी एक विनंती. सहकारी साखर कारखाने दरवर्षी सभासदांना छापील वार्षिक अहवाल पाठवतात. त्यांत कोणत्या निधीला टनामागे किती कापले आणि कोणत्या संस्थेला किती दिले, याच्या नोंदी असतात. हे अहवाल ग्रंथालयांत फारसे जपले जात नाहीत, घरी माळ्यावर मात्र सापडतात. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर किंवा बिजवडी यांपैकी कोणत्याही कारखान्याचे १९६० ते १९९० या काळातले अहवाल आपल्याकडे असतील तर कपातींच्या पानाचे छायाचित्र काढून या धाग्याखाली जोडावे. महाविद्यालयांचे त्या काळातले वार्षिकांक असतील तर जिमखाना विभागाची पानेही चालतील. कोणत्या वर्षी कबड्डीच्या संघाला बूट मिळाले आणि त्यांचे पैसे कोणी दिले, हे कळले तरी पुढच्या धाग्याला पुरेसे आहे.